आप्पांच्या गाडीला आप्पांचं पेट्रोल

"गाडीला नजर लागलीया," आप्पा म्हणाले. "तुमच्या त्या मशिनीत नजर दिसती का?"

मी बोनेट उघडून स्कॅनर जोडून उभा होतो. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेल्या तक्रारी वाचायचं यंत्र. नजर सोडून त्यात बाकी सगळं दिसत होतं.

शिरूरला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, कंपनीतल्या पोरांच्या मोटारसायकली, सगळं येतं. पण त्या दिवशी आलेली गाडी बघायला समोरच्या हॉटेलातला भजी तळणारा झारा हातात घेऊनच आला. लाल, दोन दारांची, टर्बोची स्पोर्ट्स कार. जमिनीला इतकी चिकटलेली, की आप्पांना आत बसवणं सोपं आणि बाहेर काढणं म्हणजे विहिरीतून म्हैस काढण्यासारखं.

आप्पा खुटबावचे. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, कडक टोपी. हायवेला त्यांचा स्वतःचा पेट्रोल पंप आहे. गाडी त्यांच्या पोरानं, रोहितनं, हौसेनं मुंबईतून सेकंडहँड आणलेली. तक्रार अशी, की जोरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनमधून टकटक आवाज, पिवळा दिवा आणि सगळी ताकद गायब. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलले. आवाज तसाच.

"चाचा, परवा मला टेम्पोनं ओव्हरटेक केलं," रोहित म्हणाला. "टोमॅटोच्या. भरलेल्या."

पोराच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

मी आप्पांना समजावलं. लेझीमचा फड डोळ्यांसमोर आणा. हलगीची थाप पडली की सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. इंजिनमध्ये ती थाप म्हणजे स्पार्क. ठिणगी पडली की मगच पेट्रोल पेटायला हवं. टर्बो हवा दाबून दाबून आत कोंबतो, त्यामुळे आत दाब आणि उष्णता भयंकर. पेट्रोल दमाचं नसेल तर ते ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेटतं. म्हणजे थापेआधीच चार जण उड्या मारतात आणि एकमेकांवर आपटतात. ती टकटक. तिला नॉकिंग म्हणतात. आणि पेट्रोलचा हा दम जो आकडा सांगतो, त्याला ऑक्टेन म्हणतात.

"गाडीचा कॉम्प्युटर ती टकटक ऐकतो आणि घाबरून गाडीचा जोर कमी करतो," मी म्हणालो. "म्हणून टेम्पो पुढे गेला. पेट्रोल कुठलं भरता?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना त्यांच्या बापाचं नाव विचारलं.

"कुठलं म्हंजी? आपलंच."

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आप्पांचं पेट्रोल शुद्ध. माप चोख. माझी स्वतःची गाडी मी त्या बाजूला गेलो की तिथंच भरतो. पण ते साधं पेट्रोल. पंधरा वर्षं जुन्या मोटारसायकलीला अमृत. या गाडीच्या टाकीच्या झाकणावर मात्र वरच्या ऑक्टेनचं मागितलं होतं, आणि ते आप्पांच्या पंपावर मिळत नव्हतं.

मी टाकी रिकामी केली. रांजणगावजवळच्या एका पंपावर कंपन्यांच्या साहेबलोकांसाठी ते भारी पेट्रोल ठेवतात. तिथून टाकी भरली, आप्पांना शेजारी बसवलं आणि रस्ता मोकळा बघून पाय दाबला. टकटक नाही. दिवा नाही. आप्पांची टोपी मागच्या काचेला जाऊन चिकटली. मला वाटलं, केस संपली.

"झकास," आप्पा उतरता उतरता म्हणाले. "आता रिपेअर झालीच हाय, तर उद्यापास्नं आपलंच पेट्रोल टाकतो."

मी कपाळाला हात लावला. हाताला ग्रीस होतं.

मग मी प्लग काढून आत बारीक कॅमेरा सोडला आणि आप्पांना पडद्यावर पिस्टनचं डोकं दाखवलं. कडेला टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडले होते. "हे असंच चाललं तर पिस्टन फुटणार. पिस्टन फुटला की इंजिन गेलं. या गाडीचं इंजिन मला इथं कुणी देणार नाही, आणि तुमच्या रोहितला दुसरी गाडी तुम्ही देणार नाही."

"ते खरं हाय," आप्पा म्हणाले.

"मग तुमच्या पंपासमोर, हायवेच्या पलीकडे दुसरा पंप आहे. तिथं भारी पेट्रोल मिळतं. तिथं भरा."

आप्पा पाठीमागच्या टायरांच्या चळतीवर बसले. "नजीरभाई, तुम्ही माझं वाईट करायला बसलाय का? पंपाचा मालक समोरच्या पंपावर पेट्रोल भरताना दिसला, तर दौंडपतोर काय बातमी जाईल? आप्पाच्या पेट्रोलात पाणी हाय, म्हणून आप्पाच ते टाकत न्हाई. उद्या माझ्याकडं स्कूटर तरी थांबंल का?"

गंमत म्हणजे यात खोटं काही नव्हतं. ऑक्टेन समजावून सांगायला माझा अर्धा दिवस गेला होता. भेसळ समजायला एक नजर पुरते.

मग सुरू झाली वाटाघाट. मी म्हणालो, तुमच्याच पंपावर भारी पेट्रोल ठेवा. तर त्याला वेगळी टाकी लागते, कंपनी म्हणते पुढच्या वर्षी बघू. मी म्हणालो, ऑक्टेन वाढवायची बाटली मिळते, ती टाकीत ओता. तर "पंपावर हुभं ऱ्हाऊन टाकीत औषध वतायचं? म्हंजी पेट्रोल आजारी हाय, असंच झालं की." मी म्हणालो, कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून टर्बोचा दाबच कमी करतो. तेही करून दाखवलं. रोहित एक फेरी मारून आला, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चाचा, मीटर बी बसवा. दौंड स्टेशनला सीट भरतो." सेटिंग परत होतं तसं केलं.

"मग रोहितनं रांजणगावला येऊन भरावं," मी म्हणालो.

"निम्मा तालुका रांजणगावला ड्युटीला जातो. कंपनीच्या बसमधनं लाल गाडी दिसायची ऱ्हाईल व्हय?"

शेवटी तोडगा आप्पांनीच काढला, आणि काढल्यावर ते स्वतःवरच इतके खूष झाले, की त्यांनी मला भजी खायला घातली. टाकी खाली आली की गाडी टोइंगच्या गाडीवर चढवायची आणि शिरूरला माझ्याकडे पाठवायची. मी ती ट्रायलच्या नावाखाली रांजणगावला नेऊन भरायची. मिस्त्री ट्रायलला काढलेली गाडी कुठंही भरतो, त्यात कुणी काही बघत नाही. मग गाडी परत.

पेट्रोल भरायला गाडी दुसऱ्या गाडीवर बसून दुसऱ्या तालुक्यात येते, हे मी माझ्या धंद्यात पहिल्यांदाच पाहत होतो. पण पिस्टन वाचत होता. मी हो म्हणालो.

काही महिने हे नाटक बिनबोभाट चाललं. लाल गाडी चौफुल्यावरून, न्हावऱ्यावरून मिरवत यायची, मिरवत जायची. रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीला ती पाठ झाली. आणि एक दिवस माझं जुनं गिऱ्हाईक, कॉलेजातले सर, स्वतःची गाडी दुसरीकडे सर्व्हिसिंगला टाकून मला वाटेत भेटले. चोरट्यासारखं हसले.

"नजीरभाई, राग मानू नका. पण ती लाल गाडी तुम्हाला अजून जमेना म्हणे? सारखी टोइंगवर दिसते."

मी चौकशी केली. न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत एकच बातमी होती. आप्पाचं पेट्रोल एक नंबर, आप्पाची गाडी एक नंबर, मिस्त्री तेवढा कच्चा.

मी तिथल्या तिथं आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून अतिशय शांत, समजूतदार आवाज आला.

"नजीरभाई, तुम्ही सोन्यासारखं कारागीर. लोकांचं काय, लोकं बोलत्यात. मनावर घ्यायचं न्हाई."

मी फोन खिशात टाकला. काही वाक्यं माणसाला इतकी लागतात, की त्यानंतर तो एकदम मोकळा होतो.

पुढच्या वेळी गाडी आली, तेव्हा मी टोइंगवाल्याला रिकामा परत पाठवला. पोहोचण्यापुरतं पेट्रोल होतं. स्टिअरिंगवर स्वतः बसलो आणि लग्नसराईतल्या भर दुपारी गाडी सरळ आप्पांच्या समोरच्या पंपावर नेऊन उभी केली. हॉर्न वाजवला. भारी पेट्रोल, टाकी फुल्ल. वऱ्हाडाच्या दोन गाड्या फोटो काढायला थांबल्या. पलीकडे आप्पा आपल्या पंपाच्या दारात आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. फोन वाजला.

"नजीरभाई, बुडवलं तुम्ही मला," एवढंच म्हणाले. मी गाडी त्यांच्या दारात लावली, किल्ली दिली आणि एसटीनं घरी आलो. दोन रात्री मला झोप नीट लागली नाही. कितीही झालं तरी माणूस चांगला होता, आणि पंपावर त्याचं घर चालत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आवाजात पाक टपकत होता.

"गावात काय उठलंय, ठावं हाय का? म्हणत्यात, आप्पानं समोरचा पंप बी इकत घेतला. न्हाईतर गाडी तिकडं कशाला लावंल? सोसायटीचा चेअरमन पेढं मागाया आलता."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी कशाला काय सांगू? पेढं दिलं."

आता लाल गाडी आठवड्याला समोरच्या पंपावर राजरोस पेट्रोल पिते. आप्पा शेजारी बसलेले असतात, आणि तिथल्या पोरांना काच नीट पुसायला सांगतात. तो पंपवालाही काही बोलत नाही, गिऱ्हाईक रोखीचं आहे. मी परवा कॅमेरा घालून पाहिलं. पिस्टनवर नवा खड्डा नाही.

माझ्याबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. मिस्त्रीला काय जमलं नाही, आप्पानं पंप घेतला तेव्हा कुठं गाडी सुधारली, असं न्हावऱ्यात अजून सांगतात.

हल्ली कुणी टर्बोची गाडी घेऊन आलं, की मी बोनेट लगेच उघडत नाही. आधी बसवतो, चहा सांगतो आणि विचारतो, घरचा धंदा कुठला.