आत्या केस मागे घेत नाही

माझी आत्या बायकांना गाडी शिकवते. शिकवते म्हणजे ओरडते. "आरसा मागचं बघायला दिलाय, तोंड बघायला नाही," हे तिचं पहिल्या दिवसाचं स्वागत. गावातल्या कितीतरी बायका तिची बोलणी खाऊन गाडी चालवायला लागल्या, आणि त्यांतली एकही तिच्याबद्दल वावगा शब्द ऐकून घेत नाही. वावगं बोललं जातं ते आमच्याच घरात. कारण आत्यानं सख्ख्या भावावर, म्हणजे माझ्या बाबांवर, केस घातली आहे. आजोबांच्या घरात तिला तिचा वाटा हवा आहे, आणि त्या घरात आम्ही राहतो. बाबा म्हणतात, तिनं घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. मी म्हणते, बहिणीनं आपला वाटा मागितल्यावर जी अब्रू जाते, ती जाऊ दे.

मी गाडी तिच्याकडेच शिकले. बाबांनी नाही म्हटलं होतं, म्हणून तर शिकले.

केसची तारीख विचारायला गेलं की वकिलाचा कारकून आत्याला टोलवायचा. "बघून सांगतो, ताई." तो कधी बघायचा नाही आणि सांगायचाही नाही. एकदा वैतागून तिनं मोबाईलवर न्यायालयाची वेबसाइट उघडली. जिल्हा निवडा, न्यायालय निवडा, पक्षकाराचं नाव घाला, वर्ष घाला, मग ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाका. अक्षरं इतक्यांदा चुकली की ती मोबाईललाच गाढव म्हणाली. पण केस सापडली. आपलं भांडण असं उघड्यावर पडलेलं बघून दुसरी कोणी हादरली असती. आत्या खूश झाली. आता असं काही झालंच नाही, असं कोणाला म्हणता येणार नव्हतं.

मग तिला नादच लागला. धडा संपला की गाडी झाडाखाली उभी राहायची आणि शिकायला आलेली बाई हळूच म्हणायची, "मॅडम, जरा एक बघून द्याल?" कोणाला घरमालकाचं बघायचं असे, कोणाला नगरपालिकेच्या वेबसाइटवर बांधकामाची परवानगी दिसते का ते. बहुतेकींना मुलीसाठी आलेलं स्थळ बघायचं असे. आत्या शिकवायची तेही ओरडूनच. "नुसतं 'प्रलंबित' बघून काय घरी निघालीस? खाली 'निकाली' आहे, ते दाब. चालू भांडण कोणाचंही असतं. मिटलं कसं, ते बघ. माणूस तिथं कळतो." कोणी संकोचून म्हणालीच, की असं दुसऱ्याचं बघणं बरं दिसत नाही, तर आत्या उसळायची. "सरकारनं सगळ्यांसाठी मांडून ठेवलंय. आपण काय भिंतीवर चढून डोकावतोय?"

मलाही स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही दोन-तीनदा भेटलो होतो आणि तो माझ्या विनोदांना हसायचा, तेही योग्य ठिकाणी. आत्यानं त्याचं सगळं खानदान चाळून काढलं. "मुलगा स्वच्छ आहे. मामा तेवढा भांडखोर दिसतो, कुंपणाच्या भिंतीवरून शेजाऱ्याला कोर्टात खेचलंय. पण तुला मामाशी कुठे संसार करायचाय."

बोलणी करायला तोच मामा पुढे आला. आमच्या बैठकीच्या खोलीत चहा संपवून त्यानं खिशातून मोबाईल काढला. "आम्हीही शोधतो बरं का. तुमच्या घरातली बाई भावावर केस घालते, हे आम्हाला वेबसाइटवरून कळावं?" बाबा लाल झाले. मामा पुढे म्हणाला, "आमचं फार काही म्हणणं नाही. केस मागे घ्यायला लावा, मग पुढचं बोलू."

तो गेल्यावर बाबा वाईट वाटल्यासारखं करत होते, पण चेहरा खुलला होता. इतकी वर्षं त्यांच्या वकिलाला जमलं नाही, ते माझ्या लग्नानं होणार होतं. केस मागे घेण्याचा अर्ज त्यांनी तयार करून आणला आणि माझ्याच हातात दिला. "तू गेलीस तर ती नाही म्हणायची नाही."

बरोबर ओळखलं होतं त्यांनी. ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत आत्यानं अर्ज वाचला आणि पेन शोधायला लागली. उभ्या आयुष्यात ती कोणापुढे वाकलेली मी बघितली नव्हती. मला संताप आला.

"आधी मला केस दाखव," मी म्हटलं.

"तुझ्या बापाचं आहे त्यात. तू नको बघू."

सगळ्या गावाला शोधायला शिकवणाऱ्या या बाईनं एवढी एकच गोष्ट माझ्यापासून जपून ठेवली होती. मी तिचा मोबाईल घेतला. तारखांच्या यादीत एका आदेशाची प्रत होती. त्यात बाबांचं म्हणणं लिहिलं होतं: वडील वारल्यानंतर वादीनं घरातल्या सर्वांसमोर आपला हक्क तोंडी सोडला.

मी ते पुन्हा वाचलं. आजोबा गेल्यावर घराचं बोलणं निघालं, त्या दिवशी मी तिथंच बसले होते. आत्यानं मागची खोली तरी माझ्या नावावर करा म्हटलं होतं आणि बाबा "बघू" म्हणाले होते. हक्क सोडायची गोष्टही निघाली नव्हती.

"मला साक्षीला का नाही बोलावलंस?"

"पोरीला बापासमोर उभं करू? त्यापेक्षा हरले असते."

"आणि आता सही केलीस तर इथं काय दिसेल?"

"निकाली. वादीनं दावा मागे घेतला."

"का घेतला, ते?"

"ते लिहीत नाहीत."

"म्हणजे उद्या कोणीही बघेल आणि म्हणेल, बाई खोटी होती म्हणून पळाली." मी अर्ज फाडला. आत्या मला वाट्टेल ते बोलली, गाडी भिंतीला घासल्यावर बोलते त्याहून जास्त. मी ऐकून घेतलं.

मुलाला मी सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मी ऐकलं नाही. रडले मात्र, भरपूर रडले.

मग घरी बाबांसमोर बसले. "केस मागे घेतली जाणार नाही. मी आत्याच्या बाजूनं साक्ष देणार आहे."

बाबा आधी ओरडले, मग समजुतीनं घेतलं, मग हसले. "माझ्या घरात राहून माझ्याविरुद्ध? अगं, एकट्या पोरीचं कोर्टात कोण ऐकतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. या केसबद्दल आजवर तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. बाबांनी ते आपल्याच बाजूचं धरलं होतं. तिनं हात पुसले आणि बाबांच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"एकटी कशी? घरातल्या सर्वांसमोर, असं तुम्हीच लिहून दिलंत ना? मग मीही होतेच की." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्याला सांग, माझंही नाव दे."

मी फोन लावला.

केस अजून प्रलंबित आहे. वादीच्या साक्षीदारांत आम्हा दोघींची नावं लागली आहेत. ज्याला बघायचंय, त्यानं खुशाल बघावं.