आप्पांच्या वाटेत उभी मालगाडी

मी मालगाडी चालवतो. कोळसा, सिमेंट, खत. उदगीरकडच्या आमच्या गावाजवळ डोंगराचा चढ लागतो. भरलेली गाडी तिथं एका इंजिनाला ओढवत नाही. मागून ढकलायला दुसरं इंजिन यावं लागतं, आणि ते येईपर्यंत गाडी गावाला आडवी उभी राहते. निजामाच्या काळात रूळ पडले तेव्हा गाव एका अंगाला राहिलं, शिवार दुसऱ्या अंगाला. आधी फाटक होतं. ते बंद करून रुळांखालून भुयारी रस्ता दिला. त्यात पावसाळाभर कमरेएवढं पाणी. म्हणून लोक डब्यांखालून जातात. बाया वैरणीचा भारा आधी पलीकडं ढकलतात, मग स्वतः सरकतात. हे मी इंजिनातून बघत आलोय. एकदा कुणाची तिरडीही तशीच गेली. मी चहा पीत होतो.

गेल्या श्रावणात आप्पा, माझे वडील, वारले. आम्हा लिंगायतांत मयताला झोपवून नेत नाहीत. विमानात, म्हणजे सजवलेल्या मखरात, बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. खड्डा पलीकडं मळ्यात खणलेला होता. रुळाशी पोचलो तर मालगाडी उभी. तिरडी डब्याखालून जाते, बसलेला माणूस जात नाही. वळसा घालावा तर इंजिनापुढं डोंगराची कापणी आणि शेवटच्या डब्यामागं ओढ्याला पाणी.

"काय ड्रायव्हरसाहेब," चुलते म्हणाले, "तुमच्याच खात्याची हाय. हलवा की!"

मी इंजिनापर्यंत चालत गेलो. ड्रायव्हर नांदेडचा, ओळखीचाच. माझ्या कपाळाचं भस्म बघून तो खाली उतरला.

"मागचं इंजिन अजून निघालंच नाही. मी काय करू, तूच सांग."

हे वाक्य आजवर मीच लोकांना ऐकवलं होतं. परत आलो तर थोरला भाऊ विमानाच्या दोऱ्या सोडत होता.

"दोन डब्यांच्या मधून आप्पाला हातावर घेऊ. चढा रं दोघं."

"न्हाई!" मी ओरडलो. "मागचं इंजिन लागलं की हिसका बसतो. पाय जातील एखाद्याचे."

भाऊ दोरी हातात धरूनच माझ्याकडं वळला. "आन् आमी इतकी वर्सं खालनं जातोय, तवा कुटं गेलता तुझा हिसका?"

कुणी चढलं नाही. आप्पा बसून राहिले. भुरभुर पावसात त्यांच्या कपाळाचं भस्म नाकावर ओघळलं. भाऊ ते आपल्या उपरण्यानं टिपत होता. निम्मी माणसं घरी गेली. दिवेलागणीला गाडी हलली आणि स्वामींनी बॅटरीच्या उजेडात विधी उरकला.

सुतक आमच्यात पाळत नाहीत. मी लगेच कामावर गेलो. पुढच्याच सोमवारी माझी गाडी त्याच चढाखाली थांबली. खिडकीतून वाकून मागं पाहिलं, तर लांबवर आई. मळ्यात आप्पांच्या समाधीला निवद घेऊन निघाली होती. तिनं ताट आधी डब्याखाली सरकवलं, मग पदर खोचून स्वतः वाकली.

तेवढ्यात मागून इंजिनाची शिट्टी आली. ते जोडायला येत होतं. मी वॉकीटॉकीवर ओरडलो, "थांब! टेकू नकोस!"

"का? काय झालं?"

मी इंजिनातल्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी धावलो. आई पलीकडं ताठ उभी राहिलेली दिसली, तेव्हा कुठं म्हणालो, "ये आता."

तिच्यामागं आणखी कुणी वाकलं होतं का, ते मी पाहिलं नाही. हिसका बसला. मी शिट्टी वाजवली आणि गाडी काढली.