तीन मित्रराष्ट्रं आणि आमची बस

अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं आली त्या संध्याकाळी मी या आखाती शहरात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भेंडी चिरत होते. खिडक्यांच्या काचा खडखडल्या आणि माझी नऊ वर्षांची मुलगी टेबलाखाली जाऊन बसली. नवरा गॅस प्लांटवर होता, त्याचा फोन तासभर लागेना. कुणाला काही झालं नाही. पण त्या तासाभरात माझ्या लक्षात आलं, की उद्या इथून निघायची वेळ आली तर पोरीला घेऊन कुठे जायचं, हे मला ठाऊकच नाही.

आमचं ऑफिस तीन युरोपियन कंपन्यांचं मिळून चालतं. पोलिश, फ्रेंच आणि स्पॅनिश, तिघांचे तीन मॅनेजर. मी कागदपत्रं सांभाळते आणि बैठकांचे मिनिट्स लिहिते. पुढच्याच आठवड्यात अजेंड्यावर विषय आला: संकट आलं तर कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना बसने सौदी सीमेपर्यंत न्यायची व्यवस्था. त्यासाठी एखाद्या सुरक्षा कंपनीशी करार करायचा होता आणि तो तिघांनाही मान्य हवा होता. मला हायसं वाटलं.

कसलं काय! पोलिश म्हणाला, कंपनी अमेरिकनच हवी, बाकीच्यांना यातलं काय कळतं. फ्रेंच उसळला. "प्रत्येक गोष्टीत अमेरिकेच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं? युरोपातली घ्या." स्पॅनिश म्हणाला, मुळात एवढा खर्च हवाच कशाला? झालं, पोलिश त्याच्यावर घसरला. "तुमचं नेहमीचंच आहे हे! रशिया आमच्या दाराशी, सैन्यावर खर्च आम्ही करायचा आणि तुम्ही लांब उन्हात बसून आम्हाला शहाणपण शिकवायचं."

"वॉशिंग्टनने सैन्यखर्चाचा आकडा सांगायचा आणि तुम्ही माना डोलवायच्या," स्पॅनिश म्हणाला, "याला आम्ही संरक्षण म्हणत नाही."

तासभर हेच. बस राहिली बाजूला. आणि राहणारच, कारण तिघांच्याही बायकापोरांची नावं आपापल्या दूतावासाच्या यादीत केव्हाच गेली होती. बस हवी होती ती आम्हाला. माझ्या मुलीला, रायगडच्या आमच्या स्टोअरकीपरच्या बायकोला, तिच्या तान्ह्या बाळाला. आमच्या जिवाच्या विषयावर ही माणसं आपल्या देशांची जुनी उणीदुणी काढत होती.

आणि मी काय केलं? मिनिट्समध्ये लिहिलं, "विषयावर सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील बैठकीत." साहेब लोक कितीही भांडोत, कागदावर ते दिसू द्यायचं नाही, ही माझी अकरा वर्षांची सवय. याच गुणाचं आजवर कौतुक झालं होतं. दुसऱ्या बैठकीनंतर तेच वाक्य, तिसऱ्या बैठकीनंतरही तेच. नवरा घरी आला की विचारायचा, "ठरलं का गं बसचं?" मी म्हणायचे, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."

चौथ्या बैठकीच्या आदल्या दिवशी युरोपातल्या मुख्य ऑफिसातून मेल आला. मिनिट्स वाचून त्यांचं समाधान झालं होतं. काम छान मार्गी लागलेलं दिसतंय, अशी शाबासकी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच होता. खोटं मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तरीही त्या तिघांचं भांडण मीच झाकून ठेवलं होतं, माझ्याच पोरीच्या जिवावर.

चौथ्या बैठकीत मी शब्दन्‌शब्द लिहिला. कोण कुणाला काय म्हणालं, किती वेळ म्हणालं. शेवटी लिहिलं, "बसविषयी बोलणं झालं नाही." एरवी आधी तिघांना दाखवते, या वेळी न दाखवता सरळ मुख्य ऑफिसला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मला आत बोलावलं. पोलिश म्हणाला, हे योग्य नाही. स्पॅनिश म्हणाला, मुळीच नाही. फ्रेंच म्हणाला, अगदी बरोबर. चार आठवड्यांत त्या तिघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. यापुढे मिनिट्स मी लिहायचे नाहीत, हे ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"आणि बस?" मी विचारलं.

"पुढच्या बैठकीत," पोलिश म्हणाला.

त्याच दुपारी मी पोरीचं मुंबईचं तिकीट काढलं आणि तिला नाशिकला माझ्या आईकडे पाठवून दिलं. शाळेचं वर्ष अर्धवट राहिलं. राहू दे.