जहाजावर माझी पोर

मी समुद्राखाली हुते, आन् वर माझी पोर रडाय लागली.

समुद्र म्हंजे निळं कापड. सांगलीच्या थेटरात स्टेजभर पसरायचं, खाली आमी सहा जण गुडघ्यावर बसून हलवायचं. हळू हलवलं की लाटा, जोरात हलवलं की वादळ. मधी एक फट, त्यातनं ॲक्टर बुडत्यात. खालच्यानं काय बी झालं तरी उठायचं न्हाई.

नाटक गोऱ्या सायबांचं, दीडशे वर्सामागचं. बोटीनं हितं आलेली लोकं, लष्कराच्या कॅम्पात बसून बोटीचीच नाटकं करायची म्हणं. आमच्या डायरेक्टर सरांनी ते मराठीत केलं. शेवटाला जहाज बुडतं, खलाशाची बायको वरनं लेकरू होडीत फेकती, नवरा झेलतो. तालमीला लेकरू म्हंजे चिंध्यांचं गाठोडं.

आन् माझी सात महिन्यांची पोर तर मेकपरूममधी, कपडेपटाच्या मावशीपाशी झोपवलेली. मग वर कशी रडती? रडणं तिचंच, आईला कळतंय की! वादळ चाललेलं, हात थांबंनात, आन् आता फेकायचाच सीन!

मी कापड सोडलं, फटीतनं वर आले.

"बाई, टाकू नगा! माझी हाय ती!"

हिरोईनबाई थिजली. मी जहाजाच्या शिडीवर चढले, पोर हिसकावून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकच हाय.

विंगेत सर हसत आले. "अगं, काय टाळ्या पडल्या! साताऱ्याच्या प्रयोगालाही असंच करायचं."

"मला न इचारता पोर उचलली कुणी?"

"मीच सांगितलं मावशींना. खरं रडणं वेगळंच असतं गं. झेलायला हिरो होता की खाली."

काम गेलं तर दुसरं न्हाई, हे डोक्यात हुतं. तरी तोंड थांबंना. "आवं सर, तुमचा नातू हाय न्हवं पुण्याला? त्याला आणा. मी समुद्र हलवते."

"वेडी का काय तू? पडला तर?"

"व्हय. तेच म्हणते मी."

सर निघून गेले. साताऱ्याला गाठोडंच फेकलं. लोकं तेवढीच रडली.

नाटकात खोटं ते खोटंच असू द्यावं. खरंच पायजे असंल, तर मागणाऱ्यानं आपल्या घरातलं आणावं.