वारा लागू द्या म्हणणाऱ्या विहीणबाई

आमच्या विहीणबाई इथे परदेशात, पापाटोएटो उपनगरात कुणाकडेही गेल्या की हातातली पिशवी ठेवायच्या आधी त्या घरातल्या बाळाची नॅपी उघडून बघायच्या. इथे डायपरला नॅपी म्हणतात. घरचे चहाचं विचारतायत, तर या म्हणणार, "लाल झालंय. वारा लागू द्या." मी मेली भिंतीवरचं घड्याळ बघत बसायची.

मी इथे मुलाकडेच राहते. सून केतकी ही विहीणबाईंची लेक. नात मीरा चार महिन्यांची असताना त्या नाशिकहून आल्या आणि माझं काही चालेनासं झालं. मी पावडर लावली की या पुसणार. सुगंधी वाइप घेतला की म्हणणार, "वास तुम्हाला हवाय, बाळाला नकोय." दर दोन तासांनी नॅपी उघडून बघायची, कोरडी असली तरी. शिवाय पोरीला दिवसातून तीनदा उघडंच लोळू द्यायचं. गालिचा कोण पुसणार? मीच. यांची कंबर दुखायची ना.

बरं, एवढं करून पुरळ आलंच, तर म्हणायच्या, "होतं. सगळ्यांच्याच बाळांना होतं." मग एवढा उपद्व्याप कशाला हो?

मीरा सात महिन्यांची झाली तेव्हा शेजारणीने पिशवीभर फिजोआ दिले. पेरूसारखं आंबटगोड फळ. मी कुणाला न विचारता दोन चमचे गर चाटवला. ओट्यावरचं साल आणि बाळाचा चमचा विहीणबाईंनी नंतर तेवढा बघितला. दुसऱ्या दिवशी पातळ शी थांबेना, संध्याकाळी मांड्या लालबुंद. आणि सोमवारपासून केतकी कामावर जाणार होती, मीराला माझ्यावर सोपवून.

तपासायला नर्स आली. म्हणाली, "या वयात हीप्स बाळांना होतं." हीप्स म्हणजे इथे ढीगभर. " जुलाब, फार वेळ ओली नॅपी, नवं खाणं. नवीन काही दिलंत?"

"काहीच नाही," केतकी म्हणाली. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"फिजोआ," विहीणबाई म्हणाल्या. "आम्ही दोघींनी दिला."

"आई, तू पण?" केतकी जी सुटली ती आईवरच. सासूला कुठे तसं बोलता येतं? मला एका शब्दाने बोलली नाही.

स्वयंपाकघरात मी म्हटलं, "अहो, तुम्ही कुठे दिलात?"

"मी शनिवारी जातेय. तुम्हाला इथे राहायचंय. आणि परत न विचारता काही भरवलंत, तर मीच नाव सांगेन."

आता दुपारी त्यांचा फोन येतो. तिकडे जेमतेम उजाडलेलं असतं. कशा आहात वगैरे काही नाही. "बघितलीत का?"

"आत्ताच बदलली हो, कोरडी असेल," मी वैतागून म्हणते. फोन ठेवते, आणि उघडून बघते.