पेटीवरची पांढरी नक्षी

टेम्पोत सगळं सामान चढलं होतं. राहिली होती फक्त एक शिसवी पेटी. ती माझ्या सहीसाठी अडली होती.

म्हैसूरच्या नजरबाद भागातलं हे घर मनोहररावांचं. शिवणकाम करणारं, पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेलं मराठी कुटुंब. बायको गेल्यावर ते मुलीकडे, आशाकडे, कॅनडाला कायमचे निघाले होते. पेटी बायकोच्या माहेरची. नातीच्या लग्नात ती तिच्या हाती द्यायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मी व्हॅल्यूअर आहे. घरातल्या चीजवस्तू तपासायच्या, आणि त्या कशाच्या आहेत, काय मोलाच्या आहेत, ते लिहून सही करायची. लग्न होऊन पुण्याहून इथे आले, तेव्हापासून एका छोट्या फर्ममध्ये हेच करते. जुनी वस्तू परदेशी पाठवायची तर शिपिंग एजंट आमचा रिपोर्ट मागतो. कस्टम्सवाले तो वाचतात.

शिसवाच्या लाकडात खाचा कोरून पांढरे तुकडे बसवतात, त्याला इनले म्हणतात. हल्ली हे तुकडे प्लॅस्टिकचे असतात. या पेटीच्या झाकणावर मोर होते. मी भिंग लावलं. पिसाऱ्याच्या एका तुकड्यात बारीक रेषा एकमेकींना छेदत होत्या, विणलेल्या जाळीसारख्या. प्लॅस्टिकमध्ये अशी जाळी नसते. हाडात काळे ठिपके असतात, तेही नव्हते. दुसरा तुकडा बघितला, तिसरा बघितला. सगळीकडे तीच जाळी.

हस्तिदंत होतं. त्याची विक्री बंद आहे. सरकारी मालकीपत्र नसेल, तर घरात ठेवणंही अंगाशी येतं. परदेशी नेणं तर सोडाच.

"काका, या पेटीचा काही सरकारी कागद आहे?"

"पेटीला कागद कशाला, अम्मा? स्वल्प लवकर करा, टेम्पोला बेंगळूर गाठायचंय."

मी बाहेर येऊन सोमशेखर सरांना फोन लावला. फर्म त्यांची.

"प्लॅस्टिक लिही," ते म्हणाले.

"सर, मी भिंगातून बघितलंय."

"तू काय लॅब आहेस? बरं, 'व्हाइट इनले' लिही. ते तर खोटं नाही ना?"

"कशाचं ते लिहावं लागतं, सर."

"हा एजंट आपल्याला किती काम देतो, माहीत आहे ना? सही कर. नाहीतर उद्या येऊ नकोस."

फोन बंद झाला. 'व्हाइट इनले' खरंच खोटं नव्हतं. लिहिलं असतं तर मला कुणी पकडलंही नसतं. पण वाचणाऱ्याला खरं कळू नये, एवढ्यासाठीच ते शब्द निवडायचे होते.

आत जाऊन मी काकांना स्पष्ट सांगितलं. ते ताडकन उठले.

"अय्यो! आपल्यातली म्हणून तुला बोलावलं. माझ्या बायकोची पेटी, आणि तू तिला चोरीचा माल म्हणतेस?"

"चोरीचा नाही म्हणत, काका."

"मग लिही की प्लॅस्टिक! कुणी विचारलं तर मी म्हणेन, मला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक झालंय. आणि तिकडे पेटी सोडवून घ्यायला सही कोण करणार?"

ते हळूच म्हणाले, "आशा."

"मग तिकडे उत्तरही तिलाच द्यावं लागेल."

पॅकिंगवाली माणसं दारात ताटकळत होती. काकांनी झाकणावरून हात फिरवला. माझ्याकडे बघेनात. शेवटी दाराकडे न बघताच म्हणाले, "इदु बेड." ही नको.

टेम्पो गेला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: हस्तिदंताची स्पष्ट लक्षणं, लॅबची खातरजमा आवश्यक, कायदेशीर विक्री शक्य नसल्यानं बाजारभाव दिलेला नाही. काकांना सांगितलं, वकील घेऊन स्वतःहून वनखात्यात जा, लपवू नका.

ते गेले. पेटी जप्त झाली. लॅबनंही हस्तिदंतच सांगितलं. वकिलानं सांभाळून घेतलं, खटला झाला नाही. पण पेटी परत मिळाली नाही. काका रिकाम्या हातानं कॅनडाला गेले. निघायच्या आधी मी फोन केला होता. "आयतु अम्मा, झालं ते झालं," म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

सरांनी नोकरीवरून काढलं नाही, पण एजंटचं काम तुटलं आणि ते आजही मला ऐकवतात.

लोकांना वाटतं, व्हॅल्यूअरचं काम किंमत सांगणं. त्याआधी वस्तू काय आहे ते सांगावं लागतं. भांडणं बहुतेक तिथेच होतात.