माहेरच्या नावाची जागा

पितांबर अत्तरदे यांनी त्या सकाळी मनाशी पक्कं केलं होतं, की आज धुळ्याच्या बैठकीत कुणालाही एकसुद्धा नवा खाना घालू द्यायचा नाही. वाईटपणा आला तरी चालेल. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते आणि फेब्रुवारी अर्धा सरला होता. आराखडा या बैठकीत कायम झाला नाही, तर तो कधीच होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

जळगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ते रेकॉर्ड विभाग सांभाळत. एक्याण्णव साली जळगाव आणि धुळ्याच्या काही डॉक्टरांनी ठरवलं, की आता कॉम्प्युटर येताहेत, तर रुग्णाची नोंद सगळ्यांनी एकाच पद्धतीनं ठेवावी. कोणती माहिती, कोणत्या क्रमानं, तिला किती अक्षरांची जागा म्हणजे खाना, हे एकदा लिहून जाहीर करायचं. मग प्रोग्रॅम कुणाचाही असो, एका गावची फ्लॉपी दुसऱ्या गावी वाचता आली पाहिजे. आराखड्यावर मालकी कुणाची नाही. ज्याला हवा त्यानं झेरॉक्स काढून न्यावा. कल्पना सगळ्यांना पसंत पडली. सचिव कोणी व्हायचं असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी अत्तरद्यांकडे पाहिलं. ते बी.कॉम. होते, टापटिपीचे होते, आणि त्यांना नाही म्हणता येत नसे.

तेव्हापासून कधी जळगावला, कधी धुळ्याला बैठका होत. प्रत्येक बैठकीत कुणीतरी नवा खाना मागे. हाडांच्या डॉक्टरांना प्लास्टरची तारीख हवी, डोळ्यांच्यांना चष्म्याचा नंबर. मध्ये एक खाना शिरला की पुढचे सगळे सरकत. अत्तरदे पुन्हा टायपिंग करून घेत, पुन्हा प्रती पाठवत. धुळ्याचा भाईदास पवार, जो जळगाव-धुळे दोन्हीकडच्या दवाखान्यांचे प्रोग्रॅम लिहीत असे, तो वैतागून अत्तरद्यांना म्हणे, "नाना, तुमचा आराखडा म्हणजे लग्नातली पंगत झालीय. एक उठायच्या आत दोघं पाट मांडून तयार."

नाना हसत. अलीकडे तेही हसेनासे झाले होते.

त्या सकाळी धुळ्याच्या बसला अजून दीड तास होता. रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी एक बाई आणि तिची गरोदर लेक उभ्या होत्या. बाईंचं नाव सुंदरबाई, पाचोऱ्याजवळच्या खेड्यातल्या. लेक धुळ्याला दिलेली. सातवा संपला म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली होती. लेकीनं पिशवीतल्या कुंकवाच्या डबीशेजारून फ्लॉपी काढून दिली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही जळगावला दाखव, सगळं त्यात आहे.

अत्तरद्यांनी ती कॉम्प्युटरला लावली. धुळ्याचा दवाखाना अजून आधीच्याच मसुद्यावर होता, त्यामुळे खाने एका घरानं सरकले होते. रक्तगटाच्या जागी वजन दिसत होतं. ते मुकाट्यानं कागदावर एकेक आकडा जागच्या जागी लिहू लागले.

"याआधी इथं कधी दाखवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"धाकली व्हती तवय आठेच भरती व्हती, भाऊ," सुंदरबाई म्हणाल्या. "सुई टोची आनि बठ्ठं आंग सुजी गयं."

अत्तरद्यांची बोटं थांबली. "सगळं अंग सुजलं? कोणती सुई?"

"ते मले काय माहीत? तुम्हनाच डाक्टरनी टोची."

"आई, हळू बोल ना," लेक म्हणाली.

फ्लॉपीवरच्या यशोदा अभिमन पाटील या नावानं जुनी नोंद निघेना. त्यांनी स्पेलिंग बदलून पाहिलं, वय मागेपुढे करून पाहिलं. सुंदरबाई खिडकीतून पडद्याकडे वाकल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, यशोदा ते सासरनं नाव शे. आम्हनी ते विमलच शे."

विमल उखर्डू पाटील. लगेच निघाली. शेजारच्या एकाच खान्यात जुन्या केसपेपरचा नंबर आणि कपाटाची खूण होती. हा खाना अत्तरद्यांनी स्वतः पहिल्याच मसुद्यात घातला होता, आणि गेली दोन वर्षं कचेरी सुटल्यावर बसून तीस वर्षांचे केसपेपर त्यात चढवले होते. ते आत गेले, तिसऱ्या कपाटातला गठ्ठा सोडला आणि पिवळा पडलेला कागद घेऊन आले. पेनिसिलिन. लाल शाईनं खाली दोन रेघा मारलेल्या.

त्यांनी तो कागद डॉक्टरांकडे पोचवला आणि बस गाठली.

बसमध्ये त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. ही पोर बोलकी आई बरोबर घेऊन आली म्हणून निभावलं. धुळ्याच्या कॉम्प्युटरला विमल नावाची कुणी ठाऊकच नव्हती, आणि ज्या आराखड्याला आज ते 'कायम' म्हणणार होते, त्यात ते नाव लिहायला जागाच नव्हती. या मुलखात पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि लग्नात नाव बदलतं, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांची स्वतःची बायको धुरपदा माहेरी अजून शांता होती. इतकं माहितीतलं, की कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता तो खाना मागायचा, तर तोंड त्यांनाच उघडावं लागणार. आणि सचिवानंच मागितल्यावर बाकीचे का गप्प बसतील? पारोळ्याला बस चहाला थांबली. ते उतरले नाहीत.

बैठकीला नेहमीचीच माणसं होती. अध्यक्षस्थानी डॉ. सुनंदा बेंडाळे, जळगावच्या. पहाटेपासून ऑपरेशनं करून आलेल्या, डोळे जड झालेले. अत्तरदे उभे राहिले आणि सकाळची हकीकत त्यांनी आहे तशी सांगितली. मग म्हणाले, "माहेरच्या नावाला जागा पाहिजे. म्हणजे यापुढे दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना सापडतील."

भाईदासनं पेन टेबलावर टाकलं. "झालं. नाना, तुम्हीसुद्धा?"

"मग माझाही एक राहिलाय," हाडांचे डॉ. रुपचंद लगेच म्हणाले. "हाडात सळई टाकली असेल तर तिचा प्रकार. मागच्या वेळी तुम्हीच 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणालात."

"अत्तरदे, आज कायम करायचं ठरलं होतं," बेंडाळेबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "हे असंच चाललं तर धुळ्याची फ्लॉपी जळगावला कधी वाचायची?"

अत्तरद्यांना खाली बसावंसं वाटलं. ते उभेच राहिले.

"सरकवायचं काही नाही," ते म्हणाले. "ज्याला खाना घालायचा, त्यानं आपला एक काढायचा. तेवढ्याच रुंदीचा. म्हणजे बाकीचे जागचे हलणार नाहीत."

"आणि तुम्ही कोणता काढणार?" डॉ. रुपचंदांनी विचारलं.

"जुन्या केसपेपरचा नंबर आणि कपाटाची खूण. एकाच खान्यात आहेत, दोन्ही मिळून वीस अक्षरं. नाव बसतं."

भाईदासनं आराखड्याचं पान उलटून मोजलं आणि मान वर केली. "बसतं. मला फक्त खान्याचं नाव बदलावं लागेल." मग म्हणाला, "पण नाना, तुम्ही दोन वर्षं बसून चढवलेलं सगळं? त्याच्यावरच हे लिहिलं जाईल."

"जाईल."

"मी वेगळी फाइल करून ठेवतो."

"ठेव. मी गेल्यावर ती उघडणार कोण?"

बेंडाळेबाईंनी डॉ. रुपचंदांकडे पाहिलं. "तुमचा कोणता काढू, डॉक्टर? प्लास्टरची तारीख?"

"ती कशी काढणार?" डॉ. रुपचंद पुटपुटले आणि त्यांनी चहाचा कप जवळ ओढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही नकाराची मान हलवली. आपलं काढायला कुणीच तयार नव्हतं. त्यामुळे घालायलाही कुणी राहिलं नाही.

बेंडाळेबाईंनी सही केली. मुखपृष्ठावर 'मसुदा' शब्दाच्या जागी 'कायम' टाइप करायचं ठरलं, आणि त्याखाली एक ओळ: कोणीही विनामूल्य वापरावा, खाने बदलू नयेत. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. शेवटच्या बसची वेळ होत आली होती, आणि सगळ्यांनाच घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी विमलचा कागद डॉक्टरांकडून परत आला. नवी नोंद अत्तरद्यांनी स्वतः भरली. आधी सासरचं नाव, मग कपाटाच्या खुणेच्या जागी माहेरचं, मग पेनिसिलिन चालत नाही हे. तेवढं झाल्यावर ते कागद घेऊन आत गेले. तिसऱ्या कपाटातला गठ्ठा काल घाईत उघडाच राहिला होता. त्यांनी कागद त्याच्या नंबरावर सरकवला, कडा ठोकून सारख्या केल्या आणि सुतळी आवळून बांधली. आता बाहेरच्या कॉम्प्युटरातली कोणतीही खूण कुणाला इथवर आणणार नव्हती. तरी गठ्ठा त्यांनी जागच्या जागीच ठेवला. दुसरीकडे कुठं ठेवणार?